एका छपराची दोन घरं

मी एक जुनं गवताचं छप्पर आहे. आहे म्हणावं की होतो म्हणावं, हे मला हल्ली नीट ठरवता येत नाही. ज्याच्या खाली कोणी राहत नाही त्याला कोण छप्पर म्हणणार? पण मित्रांनो, एकदा चिकटलेलं नाव सुटत नाही, म्हणून तेच सांगतो. माझ्याकडे पराक्रमाच्या गोष्टी नाहीत. एक गोष्ट मात्र मला आतून खाते. वाळवीनं मला जेवढं खाल्लं नसेल तेवढं तिनं खाल्लं आहे.

माझा जन्म थोरलीच्या हातून झाला. थोरली म्हणजे दोघी जावांमधली मोठी. एकाच अंगणाच्या दोन टोकांना दोघा भावांची घरं होती आणि त्यांची दारं समोरासमोर होती. एका दारात कोणी शिंकलं तर दुसऱ्या दारातून "काढा करू का?" असा प्रश्न यायचा. थोरलीच्या नवऱ्यानं ओढ्याकाठचं उंच गवत कापून आणलं. तिनं ते वाळवलं, झटकलं, बोटांनी विंचरलं आणि त्याच्या पेंढ्या बांधल्या. मग दोघांनी मिळून बांबूच्या वाशांवर मला खालून वर, वळचणीपासून आढ्यापर्यंत, थर लावत बांधलं. नवऱ्याची एखादी गाठ सैल पडली की ती खालून ओरडायची, "ही गाठ आहे की नमस्कार? हात लावला की सुटतेय!" बिचारा मुकाट्यानं पुन्हा बांधायचा.

त्या घरावर माझी कितीतरी वर्षं चांगली गेली. चुलीचा धूर रोज माझ्या अंगात मुरायचा. लोक धुराला नावं ठेवतात, पण गवताच्या छपराला तो औषधच असतो. धूर लागला की किडा फिरकत नाही आणि गवत कुजत नाही. मी आतून काळाभोर झालो होतो आणि वरून करडा. एका थेंबाला कधी आत येऊ दिलं नाही, असं मी छाती फुगवून सांगायचो. छाती नाही हा भाग वेगळा.

पण थोरलीला पत्रे हवे होते. दरवर्षी गवत कापा, दरवर्षी डागडुजी करा, या सगळ्याला ती कंटाळली होती. शेतात काम नसलं की दोघे भाऊ लांबच्या वीटभट्टीवर जायचे. थोरलीही त्यांच्याबरोबर जाऊ लागली. धाकटी मात्र लहान मुलीसाठी मागे राहायची. थोरलीनं सलग दोन हंगाम डोक्यावरून विटा वाहिल्या. परत आली तेव्हा तिची मान एका बाजूला वळत नव्हती. हाक मारली की ती सगळीच्या सगळी वळायची आणि वर म्हणायची, "राणीसारखी वळते की नाही?" त्या कमाईला तिनं हात लावू दिला नाही. पत्रे आणले, आणि मला उतरवायचं ठरलं.

त्याच सुमारास वादळात धाकटीच्या छपराचं आढं मोडलं होतं. तिच्या घरावर प्लास्टिकचा कागद बांधून दिवस काढणं चाललं होतं. थोरली म्हणाली, "माझं छप्पर घे. आणखी दोन पावसाळे तर ते झोपेत काढेल." गल्लीतली दहाबारा माणसं जमली. माझ्या दोन्ही बाजू वाशांसकट खांद्यावर उचलल्या आणि अंगणातून पलीकडे नेल्या. एकाचा पाय गटारात गेला, त्यावर सगळे पोट धरून हसले. घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात. इथे घर जागच्या जागी राहिलं आणि वासेच फिरून समोरच्या भिंतींवर जाऊन बसले. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "ताई, तुमचे उपकार कसे फेडू?" थोरली म्हणाली, "फेडायला मी काय सावकारीण आहे? जा, चूल पेटव. त्याला धुराची सवय आहे."

तर मित्रांनो, मी जन्मलो एका घरी आणि नांदायला गेलो दुसऱ्या घरी. इथपर्यंत सगळं छान होतं.

पुढच्याच वर्षी एका संस्थेची पाहणी करणारी मुलगी मोटारसायकलवर बसून गावात आली. ती घरोघर फिरत होती. कशासाठी ते कोणालाच ठाऊक नव्हतं आणि ती सांगतही नव्हती. ती आमच्या अंगणात आली तेव्हा धाकटी घरात झाडत होती. शहरातली मुलगी, पांढरे बूट, हातात मोठा फोन. तिला या काळ्या छपराखाली बसवायचं धाकटीच्या जिवावर आलं. ती दारातच उभी राहून म्हणाली, "पाणी समोर प्या, मॅडम. आमच्या ताईंचं घर चांगलं आहे. बसायला खुर्ची आहे."

थोरलीनं तिला मोठ्या कौतुकानं आत नेलं. खुर्ची पुसून दिली. वर बोट दाखवून पत्रे दाखवले. "स्वतःच्या कष्टाचे आहेत. कुणाचं देणं नाही, देवाच्या दयेनं काही कमी नाही." पाहुण्यासमोर आपलं रडगाणं गाऊ नये असं तिला आईनं शिकवलं होतं. मुलीनं मान डोलावली, फोनवर काहीतरी टिपलं, आभार मानले. बाहेर पडताना ती अंगणाच्या मधोमध थांबली आणि तिनं माझा फोटो काढला. एक पुढून आणि एक बाजूनं. जाता जाता धाकटीचं नाव आणि फोन नंबरही टिपून घेतला.

आता मला लाज वाटते, पण त्या वेळी मी खूश झालो होतो. इतक्या वर्षांत माझ्याकडे कोणी मान वर करून पाहिलं नव्हतं. जे पाहायचे ते गळतंय का एवढंच पाहायचे. मला वाटलं, माझं काहीतरी चीज झालं.

थोड्या दिवसांनी धाकटीच्या फोनवर निरोप आला. संस्था गरीब शेतकरी कुटुंबांना थेट पैसे देणार होती, दोन हप्त्यांत. ना परतफेड, ना अट. शेतात घाला, पोरांवर खर्च करा, तुमचं तुम्ही ठरवा. आणि गरीब कोण हे ठरवलं होतं घरावरचं छप्पर पाहून. गवत असेल तर मिळणार, पत्रा असेल तर नाही.

धाकटी फोन हातात धरून खाली बसली. तिचा नवरा आनंदानं ओरडणार होता, तिनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. तिनं आधी वर माझ्याकडे पाहिलं आणि मग उघड्या दारातून समोर पाहिलं. तिला काय वाटलं असेल ते मला चांगलंच ठाऊक आहे, कारण मलाही तेच वाटलं. मी थोरलीचा होतो. तिच्या गाठी अजून माझ्या अंगावर होत्या. मी तिच्याच घरावर राहिलो असतो तर हा निरोप तिच्या फोनवर आला असता. तिनं मान मोडेपर्यंत विटा वाहिल्या, म्हणून तिला काही मिळालं नाही. तिनं मला देऊन टाकलं, तर मी तिचं नशीबही पलीकडे घेऊन आलो.

थोरलीला कळलं तेव्हा ती लगेच आली. "चांगलं झालं गं," म्हणाली. "पोरीचं कल्याण होईल." पाणी दिलं ते तिनं अर्धंच प्यायलं आणि काम आठवलं म्हणून उठून गेली. त्या दिवसापासून समोरचं दार दुपारचं बंद राहू लागलं.

पैशांनी घर बदललं, हे मी कबूल करतो. डोळ्यांनी पाहिलं आहे. धाकटा भाऊ त्या वर्षी भट्टीवर गेला नाही. नांगरणीच्या दिवसांत तो पहिल्यांदाच घरी होता, त्यामुळे जमीन वेळेवर तयार झाली. चांगलं बियाणं आलं. एकवेळच्या जागी दोन वेळचं शिजू लागलं. मुलगी शाळेतून आल्यावर पेंगायची ती पेंगेनाशी झाली, उलट इतकी बडबड करायला लागली की बाप म्हणायचा, "हिला जरा कमी वाढ." मी वरून ऐकायचो आणि मला बरं वाटायचं. पण थोरला भाऊ एकटाच भट्टीला निघाला तेव्हा धाकटा त्याची पिशवी घेऊन गाडीपर्यंत पोचवायला गेला. दरवर्षी दोघांची मिळून एकच पिशवी असायची. तो परत आला आणि जेवला नाही.

आणि मग या घरात लपवालपवी सुरू झाली. धाकटी थोरली शेतात गेली असली तरच तळण करायची. मुलीला नवी चप्पल आणली, पण सांगून ठेवलं की अंगणात घालायची नाही. ती पोरगी दोन्ही चपला हातात धरून, थोरलीच्या दारावरून मांजरीसारखी जायची आणि रस्त्याच्या वळणावर पायात घालायची. दोन वेळा धूर दिसू नये म्हणून गॅसची शेगडी आली. धाकटीच्या मनात पाप नव्हतं. जाऊबाईंना वाईट वाटू नये एवढंच तिला वाटत होतं. पण एक बोलणं टाळलं की दुसरं टाळावं लागतं. हळूहळू दोघींत "नळाला पाणी आलं का" याच्यापुढे काही उरलं नाही.

गॅस आला आणि माझं औषध बंद झालं. धूर नाही म्हटल्यावर किडे कसे गप्प बसतील? आधी आढ्याजवळ पोखरलं, मग दोन्ही बाजूंची उतरती पाखी ढिली पडली. भुसा धाकटीच्या ताटात पडायचा. धाकटा म्हणाला, "पैसे आहेत तर पत्रे घालून टाकू." धाकटी एकदम चिडली. "त्यांच्या डोळ्यांसमोर पत्रे चढवू? ज्या छपरानं पैसे दिले ते त्यांचं, आणि ते काढून त्यांच्याच पैशांनी—" "त्यांचे पैसे कुठे आहेत ते?" नवरा म्हणाला. "मला तसं वाटतं," ती म्हणाली. मग तो विषय त्या घरात निघाला नाही. मला डोक्यावर ठेवून ती स्वतःला शिक्षा करून घेत होती, आणि शिक्षा सगळ्या घराला होत होती.

रब्बीची पेरणी तोंडावर आली होती. बियाणाची पोती घरात, नेमकी माझ्या पोखरलेल्या बाजूखाली ठेवली होती. हंगामाची सगळी आशा त्या पोत्यांत होती. नवरा-बायको मुलीला घेऊन शेतात पाणी द्यायचा पाइप आणायला बाजारगावी गेले होते. दुपारी आभाळ भरून आलं. या दिवसांत पाऊस येत नाही, पण त्याला कोण सांगणार?

मित्रांनो, मी खूप प्रयत्न केला. पण कुजलेलं गवत प्रयत्न करून काय करणार? पहिली धार आत गेली, दुसरी गेली, आणि मग मी चाळणीच झालो. खाली पोती आणि वर मी. बियाणं भिजलं की त्याला पोत्यातच कोंब फुटतात, मग ते पेरायच्या लायकीचं राहत नाही. एका घराचं नशीब मी नेलंच होतं. आता दुसऱ्याचंही माझ्याच हातून जात होतं. त्या क्षणी मी जळून गेलो असतो तर बरं झालं असतं.

अंगणात थोरलीचं कडधान्य तीन चटयांवर वाळत होतं. ती धावत बाहेर आली. एक चटई गुंडाळून तिनं घरात नेली. दुसरीला हात घातला आणि तिला आमच्या घरातून पाणी गळण्याचा आवाज आला. ती थांबली. चटईकडे पाहिलं, आमच्या दाराकडे पाहिलं. "मेलं नशीब!" असं जोरात म्हणाली, चटई सोडली आणि आमची कडी काढून आत शिरली. त्या न वळणाऱ्या मानेच्या बाईनं एकेक पोतं ओढत, ढकलत, शिव्या देत अंगणातून आपल्या पत्र्याखाली नेलं. शेवटचं पोतं नेलं तेव्हा तिचं कडधान्य चिखलात वाहत होतं.

पाऊस थांबला आणि ती तिघं भिजत परत आली. धाकटीनं आधी घरातली मोकळी जमीन पाहिली, मग समोरच्या घरात रचलेली पोती पाहिली, मग चिखलातलं धान्य पाहिलं. तिच्या हातातला पाइप खाली पडला.

"ताई, तुमचं धान्य..."

"धान्य गेलं चुलीत! मला एक सांग. पैसे कधीचे आलेत. पत्रे का नाही घातलेस?"

"तुमच्यासमोर कसे घालू?"

"का? माझ्या डोळ्यांना पत्रे चावतात?" थोरली कमरेवर हात ठेवून उभी होती. "म्हशीला दुखणं आणि पखालीला इंजेक्शन! तुझ्या मनाला टोचतं, आणि छप्पर पोरीच्या डोक्यावर गळतं. आणि ही पोरगी चपला हातात घेऊन माझ्या दारावरून जाते. मी काय चपला खाते?"

धाकट्याला हसू फुटलं. त्यानं ते घाईघाईनं गिळलं.

"जळले मी," थोरली म्हणाली. तिचा आवाज खाली आला. "खोटं कशाला बोलू? खूप जळले. वर पत्र्याकडे बघितलं की वाटायचं, एक वर्ष थांबले असते तर? पण जळणं माझं होतं, ते मी विझवलं असतं. तुम्ही मात्र चोरी केल्यासारखे तोंड चुकवायला लागलात. चोरी केलीत का?"

"केल्यासारखंच वाटतं," धाकटी म्हणाली आणि तिला रडू आलं. "मीच त्या मुलीला तुमच्याकडे पाठवलं. या छपराची लाज वाटली मला. तुमच्या घरात ती बसली नसती तर तिनं कदाचित..."

"कदाचित काय? मी पत्रे घडी घालून फडताळात ठेवले असते?" थोरली धपकन पायरीवर बसली. "मलाच कुणी विचारलं होतं? देणं नाही, काही कमी नाही, असं तिला सांगून बसले. जीभ आहे का काय ही!" आणि ती पदरानं डोळे पुसू लागली. मुलगी तिच्याजवळ जाऊन बसली. "मोठी आई, चप्पल भिजली माझी," ती म्हणाली. "दाखव," थोरली म्हणाली आणि ती चप्पल पदरानं पुसू लागली.

धाकटीनं दुसऱ्या हप्त्यातले निम्मे पैसे देऊ केले. थोरलीनं हात जोडले. "नको बाई. ते घेतले की तुझ्यासमोर बोलताना मला आधी विचार करावा लागेल. तेवढं सोसणार नाही मला." वाहून गेलेल्या धान्याची भरपाई मात्र तिनं घेतली, तीही मापानं. धाकटीनं वर दोन ओंजळी जास्त घातल्या होत्या, त्या तिनं परत पाठवल्या. धाकट्यानं काही न विचारता थोरल्या भावाचीही जमीन पेरली. ते मात्र तिनं चालवून घेतलं. घरी राहिलेल्या माणसानं भावाचं शेत पेरायचं नाही तर काय करायचं, असं तिचं म्हणणं होतं.

पेरणी आटोपल्यावर मला उतरवलं. थोरली स्वतः शिडीवर चढली. "तुझ्या नवऱ्याला पत्रे ठोकणं कुठे जमतं?" असं म्हणत ती माझ्या गाठी विळ्यानं कापत गेली. काही गाठी तिच्या होत्या, काही तिच्या नवऱ्याच्या. नवऱ्याच्या तिला कापाव्याही लागल्या नाहीत.

धाकट्यानं खालून विचारलं, "वहिनी, हे जाळून टाकू?"

"नको," ती म्हणाली. "दिलेलं परत मागू नये म्हणतात, पण हे मला द्या. माझ्या शेतात पसरा. जमीन झाकली की ऊन लागत नाही."

धाकटीनं नवऱ्याला हात लावू दिला नाही. माझी एकेक पेंढी तिनं स्वतः डोक्यावरून नेली. इतक्या दिवसांत जाऊबाईंनी पहिल्यांदाच तिच्याकडे काही मागितलं होतं. ती जवळजवळ पळत होती.

तर मित्रांनो, आता मी थोरलीच्या शेतात रोपांच्या ओळींमध्ये पडलो आहे आणि हळूहळू माती होतो आहे. तुमच्या घरावर कसलंही छप्पर असो, त्याची निगा राखा. वेळेवर डागडुजी करा, किडा लागण्याआधी वर बघा. आणि तुमच्या घरी चांगले दिवस आले, तर ते शेजाऱ्यापासून लपवू नका. त्याला वाईट वाटेल म्हणून लपवलं, तर त्याला जास्त वाईट वाटतं. हे मला फार उशिरा कळलं. मी पैसे वाटले नाहीत, नियम केला नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. पण मन मानत नाही. थोरला भाऊ अजून भट्टीवर आहे. त्याच्या बायकोची मान अजून वळत नाही.

काल संध्याकाळी ती शेतात आली होती. पायानं मला थोडं बाजूला सारलं, वाकून मातीत बोट घातलं. "ओल आहे अजून," असं स्वतःशीच म्हणाली, मला पुन्हा नीट पसरलं आणि घरी गेली. दिवसभर मी ती ओल धरून ठेवली होती. एवढंच मला तिच्यासाठी करता येतं. ते फार थोडं आहे, हे मला माहीत आहे.